लोकसत्तेची ओळख करून देणाऱ्या पंडिता रमाबाई

१८८९ साली मुंबईत 'युनाइटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' या नावाचा एक मराठी ग्रंथ प्रसिद्ध झाला. लेखिका अवघी एकतीस वर्षांची होती, विधवा होती, आणि एका लहान मुलीची आई होती. प्रवासवर्णन म्हणून हाती घेतलेल्या वाचकाला त्यात जहाज, समुद्र आणि बर्फ भेटतेच. पण थोडी पाने उलटताच तो एका स्वतंत्र प्रकरणाशी येऊन ठेपतो, ज्याचा विषय अमेरिकेची राज्यव्यवस्था हा आहे. ज्या काळी आपल्याकडे बहुसंख्य पुरुषांनाही मताचा अधिकार नव्हता, त्या काळी एका स्त्रीने मराठी घरांतील वाचकांसाठी परक्या लोकसत्तेची रचना उलगडून सांगावी, ही घटना आपल्या वाङ्मयेतिहासात जितकी नोंदली जावयास हवी तितकी नोंदली गेलेली नाही. पंडिता रमाबाईंचे नाव घेतले की शारदा सदन, मुक्ती मिशन आणि धर्मांतर हे तीन विषय निघतात आणि चर्चा तेथेच थांबते. प्रस्तुत लेखात त्यांचे चरित्र थोड्या वेगळ्या बाजूने पाहण्याचा यत्न केला आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकलेले. हे शास्त्री दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असत. ते पाहून अनंतशास्त्र्यांच्या मनात आले, की आपल्याही पत्नीने शिकावे. गावाने व आप्तांनी विरोध केला, तेव्हा त्यांनी अरण्य जवळ केले, आणि तेथे लक्ष्मीबाईंना शिकविले. पुढे लक्ष्मीबाईंनी रमेला शिकविले. स्त्रीने शास्त्र शिकावे की नाही, याचा जाब त्यांना पंडितांच्या सभेपुढे द्यावा लागला आणि त्यांनी तो ग्रंथांच्याच आधारे दिला. नियम कोणता, तो कोणी केला आणि तो बदलावयाचा अधिकार कोणाला, हा प्रश्न म्हणजे रमाबाईंना घरातूनच मिळालेला वारसा होय.

तीर्थयात्रा आणि पुराणकथन यांवर चालणारे ते कुटुंब दुष्काळात उद्ध्वस्त झाले. वडील, आई आणि थोरली बहीण एकापाठोपाठ गेली. उरलेली रमा आणि बंधू श्रीनिवास यांनी पायी हिंदुस्थान पालथा घातला आणि १८७८ मध्ये दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये बंधू निवर्तले. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. हा विवाह जातीबाहेरचा होता, प्रांताबाहेरचा होता आणि धर्मविधींवाचून झालेला होता. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती कॉलऱ्याने गेले. चोविसाव्या वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिली, आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. स्त्रियांसाठी स्त्री शिक्षक, स्त्री निरीक्षक आणि स्त्री वैद्य हव्यात, हे त्यांनी आयोगाला मराठीतून सांगितले आणि हंटरसाहेबांनी त्या साक्षीची विशेष दखल घेतली. सरकारपुढे उभे राहून मागणी मांडण्याचा हा त्यांचा पहिला अनुभव. मागणी मांडता येत होती. निर्णयात वाटा मात्र नव्हता.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वॉन्टेज येथील भगिनीसंघाच्या आश्रयाने राहिल्या आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. या निर्णयाने महाराष्ट्र दुखावला. त्याच वेळी इंग्लंडमधील धर्माधिकाऱ्यांशीही त्यांचा खटका उडाला, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात त्या शिकत व शिकवीत होत्या. त्यांनी मुलग्यांनाही शिकवावे असा प्रस्ताव आला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी ती निमूटपणे मान्य केली नाही. आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाच्या हवाली करावयाची नाही, ही त्यांची भूमिका पुण्यात जी होती तीच वॉन्टेजमध्येही होती.

अमेरिकेचे निमंत्रण आले ते एका पदवीदान समारंभासाठी. त्यांच्या नात्यातील डॉ. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून पदवी घेणार होत्या आणि महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी रमाबाईंना बोलाविले. लिव्हरपूलहून निघून मार्च १८८६ च्या आरंभी त्या फिलाडेल्फियास उतरल्या. ११ मार्चला आनंदीबाई डॉक्टर झाल्या. पुढील फेब्रुवारीत आनंदीबाईंचे पुण्यात निधन झाले. समारंभासाठी गेलेल्या रमाबाई मात्र अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे राहिल्या.

त्या ज्या शहरात उतरल्या, त्याच फिलाडेल्फियात १७८७ साली अमेरिकेची राज्यघटना लिहिली गेली होती आणि १८८७ च्या सप्टेंबरात तिची शताब्दी तेथे मोठ्या थाटात साजरी झाली. तेव्हाच्या मराठी वाचकाला राजा म्हणजे काय, गव्हर्नर म्हणजे काय हे ठाऊक होते. पण राज्याचे सर्वांत वरचे स्थान एखाद्या माणसाकडे नसून एका लिखित कागदाकडे असू शकते, ही कल्पना त्याला नवी होती. आपल्या भाषेत आणखी एक अडचण होती. 'संस्थान' म्हटले की बडोदे, कोल्हापूर, किंवा आपल्या बाजूचे राजनांदगाव, खैरागड डोळ्यांपुढे यावे. 'संयुक्त संस्थाने' या शब्दातील संस्थान मात्र राजाविना चालणारे, स्वतःची घटना, स्वतःचे कायदेमंडळ आणि स्वतःचा निवडलेला गव्हर्नर असलेले. त्या काळी अशी ३८ राज्ये होती. ती केंद्राची मांडलिक नव्हती, आणि पूर्ण स्वतंत्रही नव्हती. काही अधिकार केंद्राला देऊन उरलेले त्यांनी आपल्याकडे ठेवले होते. संघराज्य या शब्दाचा अर्थ एवढाच, पण तो समजावयास आपल्या देशाला पुढे साठ वर्षे लागली.

केंद्रात सत्तेच्या तीन वाटण्या. कायदा करणारी काँग्रेस, तो अमलात आणणारा राष्ट्राध्यक्ष, आणि त्याचा अर्थ लावणारे न्यायालय. काँग्रेसची दोन सभागृहे: प्रतिनिधिगृहात लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, मुदत दोन वर्षे, सेनेटमध्ये लहानमोठ्या प्रत्येक राज्याला दोनच जागा, मुदत सहा वर्षे. सेनेटर त्या काळी थेट लोकांच्या मताने निवडले जात नसत. त्यांना राज्यांची कायदेमंडळे निवडीत, आणि ही पद्धत १९१३ पर्यंत टिकली. राष्ट्राध्यक्षाला काँग्रेसने संमत केलेले विधेयक नाकारता येते. रमाबाई तेथे असताना अध्यक्षपदी असलेल्या ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी आपल्या पहिल्या कारकिर्दीत हा नकाराधिकार चारशेहून अधिक वेळा वापरला. काँग्रेसला तो नकार उलटविता येतो, पण त्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते लागतात. एकाने दुसऱ्याला अडवावे आणि दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी ही रचना पाहणाऱ्याला प्रथम भांडणासारखी वाटते. पण कोणाही एकाच्या हाती सारे काही जाऊ नये, याच हेतूने ती तशी केलेली आहे.

दर चार वर्षांनी आपल्या घरांतून विचारला जाणारा प्रश्न, की अधिक मते मिळूनही तेथील उमेदवार हरतो कसा, तो रमाबाई अमेरिकेचा निरोप घेण्याच्या सुमारासच प्रत्यक्ष घडला. नोव्हेंबर १८८८ च्या निवडणुकीत क्लीव्हलंड यांना प्रतिस्पर्धी बेंजामिन हॅरिसन यांच्यापेक्षा देशभरात सुमारे नव्वद हजार मते अधिक पडली, आणि तरीही अध्यक्ष हॅरिसन झाले. कारण मतदार थेट अध्यक्षाला निवडीत नाहीत, ते निर्वाचक निवडतात. प्रत्येक राज्याला त्याच्या प्रतिनिधींइतके आणि वर दोन सेनेटरांचे म्हणून दोन असे निर्वाचक मिळतात. त्या वेळी प्रतिनिधी ३२५ आणि सेनेटर ७६, म्हणून निर्वाचक ४०१. राज्यात जो पुढे, त्याला बहुधा त्या राज्याचे सगळे निर्वाचक. हॅरिसन यांना २३३ मिळाले, क्लीव्हलंड यांना १६८. एकट्या न्यूयॉर्कचे ३६ निर्वाचक दुसरीकडे गेले असते, तर निकाल फिरला असता. आमच्या एका नागरिकशास्त्राच्या वर्गात हे गणित फळ्यावर मांडले गेले असते, तर किती बरे झाले असते, असे आज वाटते.

हे सारे यंत्र बाहेरून पाहणाऱ्या रमाबाईंसमोर एक प्रश्न सतत उभा असला पाहिजे: या लोकसत्तेतील लोक म्हणजे कोण? यादवी युद्धानंतर १८६५, १८६८ आणि १८७० मध्ये घटनेत तीन दुरुस्त्या झाल्या. गुलामी संपली, देशात जन्मलेला प्रत्येक जण नागरिक ठरला, वर्णामुळे मत नाकारता येणार नाही असे ठरले. स्त्रियांनी विचारले, की आम्ही नागरिक, मग मतदार का नाही? सुसान अँथनी यांनी १८७२ मध्ये मत टाकले, म्हणून त्यांच्यावर खटला होऊन शंभर डॉलर दंड झाला. तो त्यांनी भरलाच नाही. मिझुरी राज्यातील व्हर्जिनिया मायनर यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. १८७५ मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितले, की स्त्री नागरिक आहे हे खरे, पण नागरिकत्वात मताचा अधिकार अंतर्भूत नाही. नागरिक आणि मतदार या दोन शब्दांमधील हे अंतर पुस्तकात एका ओळीचे दिसते. ते ओलांडावयास त्या देशातील स्त्रियांना आणखी पंचेचाळीस वर्षे लागली.

रमाबाईंच्या वास्तव्यात तर या प्रश्नाला धार चढली होती. ऑक्टोबर १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे अनावरण झाले. देवता स्त्री, पण समारंभात स्त्रियांना जवळपास मज्जाव, म्हणून मताधिकारवादी स्त्रियांनी भाड्याने बोट घेऊन पाण्यावरून निषेध नोंदविला. जानेवारी १८८७ मध्ये स्त्री-मताधिकाराची दुरुस्ती सेनेटमध्ये प्रथमच मतास आली आणि १६ विरुद्ध ३४ मतांनी पडली. त्याच वर्षी कॅन्सस राज्याने स्त्रियांना नगरपालिकेपुरते मत दिले, आणि आर्गोनिया या खेड्यात टवाळांनी थट्टा म्हणून सुझॅना सॉल्टर यांचे नाव उमेदवारांत घातले. त्या निवडून आल्या आणि नगराध्यक्ष म्हणून त्यांनी वर्षभर काम केले! वायोमिंगच्या मुलखात तर १८६९ मध्येच स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला होता. एकाच देशात एके ठिकाणी जे रूढ, ते दुसऱ्या ठिकाणी अशक्य, हा संघराज्याचाच परिणाम.

आपल्या ग्रंथाचा मोठा भाग रमाबाईंनी तेथील स्त्रियांच्या स्थितीला दिला, आणि ते योग्यच होते. त्यांच्या नजरेला विशेष भरल्या त्या स्त्रियांच्या संस्था. फ्रान्सिस विलर्ड यांच्या नेतृत्वाखालील मद्यपानविरोधी संघासारख्या संस्थांतून हजारो स्त्रिया अध्यक्ष निवडीत, ठराव मांडीत, मते मोजीत, हिशेब तपाशीत. ज्यांना देशाने मत दिले नव्हते, त्यांनी आपापल्या गावात लहान लोकसत्ता उभ्या केल्या होत्या. मात्र रमाबाई भाबडेपणाने लिहीत नाहीत. मूळ रहिवाशांवर गोऱ्या वसाहतवाल्यांनी केलेला अन्याय आणि काळ्या लोकांना सोसावा लागणारा वर्णद्वेष यांकडे त्यांनी डोळेझाक केली नाही. जातिभेद सोसलेल्या देशातून आलेल्या व्यक्तीला रंगभेद ओळखावयास वेळ लागला नसावा. तरीही एकंदर ग्रंथाचा सूर कौतुकाचाच आहे, आणि तो काही ठिकाणी जास्त होतो असे आजच्या वाचकाला वाटेल.

त्यांनी नुसते पाहिले नाही, वापरलेही. १८८७ मध्ये फिलाडेल्फियात 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले आणि त्याच्या हजारो प्रती खपल्या. गावोगाव व्याख्याने झाली. फ्रेबेलच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षणही त्यांनी तेथेच घेतले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिला लिखित नियम होते, निवडलेले अध्यक्ष व विश्वस्त होते, ठिकठिकाणी शाखा होत्या. उच्चवर्णीय विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे पैसा पुरवावयाचा, आणि त्या शाळेत कोणावर धर्माची सक्ती करावयाची नाही, अशी तिची अट होती. राज्याने कोणताही धर्म प्रस्थापित करू नये, हे अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीतील तत्त्व होय. त्याची एक छोटी आवृत्तीच या अटीत होती.

जपानमार्गे त्या फेब्रुवारी १८८९ मध्ये मुंबईस परतल्या आणि ११ मार्चला चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. समारंभाच्या अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, ज्या पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन मुंबईत भरले, तेव्हा मोजक्या स्त्री प्रतिनिधींत रमाबाई होत्या. प्रतिनिधी म्हणून बसावयास मिळाले. सभेच्या व्यासपीठावरून स्त्रीचा आवाज मात्र पुढील वर्षी कलकत्त्यात, कादंबिनी गांगुली यांच्या मुखाने उमटला.

सदन पुण्यास हलले आणि १८९३ मध्ये वादळ झाले. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, त्यांचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे आहे, असा आक्षेप निघाला. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. रमाबाईंचे म्हणणे असे, की मी कोणाला बोलावीत नाही, पण माझ्या खोलीचे दारही लावून घेणार नाही. या वादात एकच बाजू खरी होती असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. सक्ती नव्हती हे खरे. पण निराधार मुलगी आणि तिला अन्न, वस्त्र, विद्या देणारी संचालिका यांच्यामधील प्रभाव सक्तीच्या मोजपट्टीने मोजता येत नाही, हेही खरे; ज्यांनी मुली विश्वासाने पाठविल्या त्या पालकांची तक्रार निराधार म्हणता येणार नाही. दुसऱ्या बाजूला, संचालिकेने आपल्याच घरात आपली उपासना लपवून करावी, ही अपेक्षा तिच्या स्वातंत्र्याला बाधणारी होती. धर्मनिरपेक्षता हा शब्द कागदावर सोपा, घरात आणि शाळेत अवघड, हे पुण्याने त्या वर्षी अनुभवले. बोस्टनच्या मंडळाने त्यांचा हात सोडला नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई आपल्या मध्य प्रांतात आल्या. आज ज्या भूमीवर आपली वस्ती आहे ती तेव्हा त्याच प्रांताच्या रायपूर जिल्ह्यात होती. दुर्ग हा वेगळा जिल्हा १९०६ साली झाला. त्यांचा फेरा मुख्यतः नर्मदेच्या खोऱ्यात झाला, आपल्या छत्तीसगडापर्यंत नव्हे. पण दुष्काळ दोन्हीकडचा एकच होता. लहानपणी स्वतः उपाशी रस्ते तुडविलेल्या या बाईने तेथून शेकडो मुली व विधवा सोबत नेल्या. पुण्यात प्लेग असल्याने त्यांना केडगावच्या शेतजमिनीवर ठेवावे लागले आणि तेथेच मुक्ती सदन उभे राहिले. प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी वृत्तपत्रात पत्र लिहिले. त्याचे पडसाद थेट ब्रिटिश पार्लमेंटात उमटले आणि गव्हर्नर सँडहर्स्ट यांना खुलासा करावा लागला. मत नसलेल्या प्रजाजनाच्या हाती तक्रार मांडण्याचे तेवढे एक साधन होते, आणि ते त्यांनी बेधडक वापरले.

१८९८ मध्ये बोस्टनच्या मंडळाची दहा वर्षे भरली. रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या, जुने मंडळ विसर्जित होऊन नवे स्थापन झाले, आणि केडगावचे काम उघडपणे ख्रिस्ती झाले. जुनी अट तेथे संपली. छापखाना, विणकाम, शेती, अंधांसाठी शिक्षण अशी कितीतरी कामे तेथे मुली स्वतः करीत. उत्तरायुष्यात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर हाती घेतले.

ऑगस्ट १९२० मध्ये अमेरिकेच्या घटनेत एकोणिसावी दुरुस्ती झाली आणि तेथील स्त्रियांना मत मिळाले. १९२१ मध्ये मुंबई कायदेकौन्सिलने आपल्या प्रांतातील मतदानाच्या नियमांतून स्त्रीत्वाची आडकाठी काढून टाकली; मालमत्तेची अट राहिली, म्हणून मत मोजक्याच स्त्रियांना मिळाले. त्याच वर्षीच्या जुलैत मनोरमा गेली. पती, बंधू, आईवडील यांच्यामागून एकुलती एक मुलगीही गेल्यावर रमाबाई आठ-नऊ महिने राहिल्या. या अवधीत त्यांनी भाषांतराचे काम पुरे करीत आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. भाषांतरित बायबल १९२४ साली, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाले. अमेरिकेवरील त्यांच्या मराठी ग्रंथाचे संपूर्ण इंग्रजी अनुवाद मात्र व्हावयास २००३ साल उजाडले, आणि तेव्हा एकाच वर्षी दोन वेगवेगळे अनुवाद अमेरिकेतच छापले गेले.